बारा दिवे

नल्लकुंट्याच्या नाल्यातला गाळ कॉलनीनं आणि पलीकडच्या बस्तीनं मिळून उपसला. काठावर फरशी बसली, बाकं आली. सभेत सेक्रेटरी नीलिमाताईंचा आवाज चढला, "अख्खं हैदराबाद हायटेक होतंय, मग आपला नाला मागं का? बारा मोठे दिवे लावू! काठाचा कोपरा न् कोपरा उजळून टाकू! हात वर करा!"

कॉलनीचे सगळे हात वर गेले. टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला! बस्तीतल्या एकाही बाईचा हात हलला नाही.

नीलिमाताई चिडल्याच. "अगं जयवंता, सगळ्यांत जास्त गाळ तूच उपसलास ना? आणि आता उजेड नको?"

"हौ, पाहिजे की. पण आधी संडास बांधा, ताई. तोवर तेवढा अंधार राहू द्या. आम्ही बाया तिथंच बसतो."