ठेव गं तुझ्या पर्समध्ये

“हे ठेव गं तुझ्या पर्समध्ये,” म्हणत नवऱ्याने पाकीट, गाडीची कागदपत्रं आणि अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा तिच्या मांडीवर टाकला आणि गाडी सुरू केली. शर्टाची इस्त्री मोडते म्हणून तो खिशात काही ठेवत नसे. तिच्या पर्सचं मोडायचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी अंग चोरून बसत तिने चेन ओढली. आत सासूबाईंच्या गोळ्या होत्या, त्यांची शाल होती, नणंदेचा चार्जर होता, नणंदेचे उंच टाचांचे सँडल चावायला लागले तर घालायच्या सपाता होत्या. तिचं स्वतःचं म्हणाल तर एक रुमाल. तोही तळाशी चिणलेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आज ती आग गिळायची नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं. आज तिथे पोचल्यावर चार लोकांसमोर ती बोलणार होती. या घराचं ओझं कोण वाहतं, ते एकदा मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायची आणि घरी आली की स्वतःचं तोंड शिवून टाकायची. वाक्यं पाठ करून ठेवली होती. आज माघार घेतली तर पुन्हा कोणी तिला विचारणार नव्हतं.

पुढच्या सीटवर नणंद आरशात बघून लिपस्टिक लावत होती. पुढची सीट हल्ली तिचीच असायची.

“वहिनी, ती गोणी टाकून दे बाई आता. हल्ली बघ केवढ्याशा पर्स निघाल्यात!” तिने मागे वळून आपली पर्स नाचवली. चंदेरी, नाजूक साखळीची, तळहाताएवढी.

“छान आहे. तुझा चार्जर मावतो त्यात?”

“चार्जर तुझ्याकडे आहे ना!”

टोमणा कुठल्या कुठे उडून गेला. वहिनीची गोणी होती म्हणून नणंदेची फॅशन होती, एवढी साधी गोष्ट त्या पोरीच्या डोक्यात शिरत नव्हती.

कुर्त्याचं माप घेताना शिंपीण मागे म्हणालीच होती, “ताई, तुमचा एक खांदा उतरलाय. त्या बाजूचं माप वेगळं घ्यावं लागेल.” घरी तिने ते हसत हसत सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, “नीट उभं राहायला शिक.”

“मला जरा बोलायचं होतं,” ती नवऱ्याच्या मानेकडे बघत म्हणाली. “तिथे जायच्या आधी.”

“पाणी,” तो म्हणाला.

तिने बाटली दिली. तो पाणी प्यायला, बाटली परत आली आणि बोलणं राहून गेलं. गेले कित्येक दिवस त्याचं तिच्याशी बोलणं एवढंच होतं. दे, काढ, ठेव.

“तिथे तमाशा नको हं,” सासूबाईंनी बजावलं. “विचारलं तरच तोंड उघड. केवढ्या मिनतवारीने आजची वेळ मिळाली आहे. एकदाचं मार्गी लागू दे, मी सुटले.”

“तसं नाही, आई, मी फक्त...”

“माझी उलटीची गोळी काढ आधी. गाडीत मळमळतं मला.”

तिने गोळी काढली. दात इतके आवळले की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर ओरडले असते.

“तिथे फोटो काढले तर चालतात का?” नणंदेने विचारलं.

“तिथे कसले फोटो काढतेस, भवाने!” सासूबाई डाफरल्या. नवरा हसला. त्या हसण्याचाही तिला संताप आला.

इमारतीची लिफ्ट बंद होती. नवऱ्याने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि तो दोन दोन पायऱ्या चढत पुढे गेला. सासूबाईंनी तिच्या मोकळ्या खांद्यावर भार दिला. मोकळा म्हणजे ज्यावर पर्स नव्हती तो. मधल्या मजल्यावर नणंदेने सपाता मागितल्या आणि सँडल तिच्या हातात दिले.

वर लांबलचक व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसवून ठेवल्यावर शिपायाने त्यांना आत बोलावलं. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी एकेकाकडे नीट पाहिलं. शेवटी त्या पर्सकडेही पाहिलं.

“आधी कोण बोलणार?”

“मी,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

“अर्ज माझा आहे. आधी मी बोलणार,” नवरा म्हणाला आणि मान न वळवता त्याने तळवा तिच्यासमोर धरला. “चष्मा.”

ती ‘नाही’ म्हणणार होती. पण तिचा हात केव्हाच पर्समध्ये गेला होता. चष्म्यावर धूळ होती, म्हणून मागायच्या आत तिने पुसायला फडकंही दिलं. तेवढ्यात सासूबाईंना ढास लागली, तर दुसऱ्या हाताने त्यांच्या तळव्यावर खडीसाखर ठेवली. स्वतःच्याच हातांची तिला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. टेबलामागच्या बाई लिहायचं थांबून एकटक बघत होत्या.

नवऱ्याने चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि घसा खाकरला.

“न्यायाधीश बाई, मला हिच्यापासून घटस्फोट हवाय,” तो म्हणाला. “हिचं घरात कोणाकडे म्हणून लक्ष नसतं.”