फुकटची कल्हई

"प्रश्न सहावा," परीक्षक म्हणाले. "कारखान्यामुळे गावातल्या बायकांचा काय फायदा झाला?"

सुलानं पेनाचं टोपण काढलं. शाळेच्या ओट्यावर सतरंजी, पुढ्यात छापील अर्ज. बायकांनी सांगायचं, तिनं लिहायचं. गावात कॉलेजची पायरी चढलेली बाई ती एकटीच, म्हणून मॅनेजरनं तिला बसवलं होतं. सांगलीहून दोन परीक्षक जीपनं आले होते. जुन्या बॅटऱ्या अन् भंगार वितळवून धातू परत काढणारा हा कारखाना दुष्काळानंतरच्या वर्षी माळावर उभा राहिला. गावासाठी सगळ्यांत जास्त झटणाऱ्या कारखान्याला मिळणारी फिरती ढाल यंदा त्यालाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मॅनेजरच्या मागं भट्टीचा मुकादम उभा होता. कृष्णात, सुलाचा नवरा. आज इस्त्रीचा सदरा घालून.

"फायदा?" राहीबाई पुढं सरकली. ती सुलाची शेजारीण. सुला बालवाडी घ्यायला आली की तिची अडीच वर्षांची लेक रंजी राहीबाईकडंच असायची. आत्ताही तिच्याच मांडीवर बसून पेल्यातलं ताक पीत होती. "आवं सायेब, कल्हई! दर सा म्हैन्याला समद्या गावाची भांडी फुकट. आतनं तर आतनं, भायेरनंबी. ह्यो पेला बघा की. आरसा नगं, ह्यात बघून कुकू लावावं."

बायका हसल्या.

"आन ही आमची मास्तरीण," राहीबाईनं सुलाला कोपरानं ढोसलं, "हिची भांडी तेवढी रांगंत कवा दिसत न्हाईत. नवरा भट्टीवर, आन हिला गावची कल्हई चालंना!"

"आमची रहिमतपूरला जातात," सुला हसत म्हणाली. "सायकलला पिशवी अडकवून न्यायची ह्यांना हौस. म्हणतात, आधी गावाचं होऊ दे."

"लय गुणाचा गं बाई."

मॅनेजरनं कृष्णातच्या पाठीवर थाप मारली. कृष्णातनं मान वर केली नाही.

राहीबाईनं रंजीच्या हातातला पेला काढून घेतला, उरलेलं ताक तिला पाजलं आणि रिकामा पेला परीक्षकांच्या हाती द्यायला अर्जावरून सरकवला. "घ्या, हातात घिऊन बघा."

परीक्षकांनी अर्जाकडं बघितलं. सहाव्या प्रश्नाच्या कडेला एक करडी रेघ उमटली होती.

"पेन्सिलीनं नको हो बाई. शाईनं लिहा."

"शाईचंच पेन आहे," सुला म्हणाली.

तिनं रेघेवर अंगठा फिरवला. अंगठा काळसर झाला. तिनं पेला उचलला, त्याचं बूड समासात टेकवलं आणि ओढलं. पहिल्या रेघेशेजारी दुसरी.

कथलाची कल्हई कागदावर अशी उमटत नाही. शिसं उमटतं, जुन्या बॅटऱ्यांतून निघतं ते. कॉलेजात सरांनी शिशाचा तुकडा असाच कागदावर ओढून दाखवला होता आणि तास संपल्यावर सगळ्यांना हात धुवायला लावले होते, दोनदा. आंबटात ते उतरतं, पोटात जातं, लहान पोरांना फार बाधतं, असंही सांगितलं होतं.

रंजी महिनाभर पोट धरून रडत होती. डॉक्टरांनी जंतांचं औषध दोन वेळा दिलं होतं.

सुलानं वर बघितलं. कृष्णातही रेघेकडंच बघत होता. सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ करायच्या निमित्तानं तो तिच्याजवळ येऊन वाकला.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हळू बोल. वरनं हुकूम हाय. मी काय मालक न्हवं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"आपली भांडी जाऊ दिली का मी? सांग की. एकदा तरी जाऊ दिली?"

"आणि रंजी रोज ताक कुठं पिते?"

त्यानं रंजीकडं बघितलं. तिच्या वरच्या ओठावर ताकाची पांढरी मिशी होती. रोज सकाळी तिला खांद्यावर बसवून राहीबाईच्या दारात सोडून तोच पुढं भट्टीवर जायचा.



"काय कुजबुज चाललीया नवरा-बायकूची?" राहीबाईनं चरवीतलं ताक त्याच पेल्यात ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं. "घे रं कृष्णाता. उभं ऱ्हाऊन घसा वाळला आसंल."

"नगं मामी."

"आरं घे की. मुकादम झाला म्हून आमच्या हातचं चालंना व्हय?"

"तहान न्हाई," कृष्णात म्हणाला.

"मला," रंजीनं दोन्ही हात पुढं केले.

राहीबाईनं पेला तिच्याकडं वळवला. सुलानं तो मधेच धरला. ओट्याच्या कडेला जाऊन ताक मातीत ओतलं.

"आगं, आगं! चांगलं ताक!" राहीबाईला काही समजेना. रंजीनं भोकाड पसरलं.

"लिहिलंत का बाई?" परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "फायदा काय, तेवढं मोजक्या शब्दांत. आम्हाला पुढं कोयनानगर गाठायचंय."

"लिहिते."

सुला सतरंजीवर येऊन बसली. पेनाला टोपण लावून तिनं ते बाजूला ठेवलं. पदरानं पेला कोरडा केला. मग त्याचं बूड कागदावर टेकवून दाबलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश ओढत नेलं.

"सुला," कृष्णात म्हणाला.

सहाव्या प्रश्नाला चार ओळींची जागा होती. तिनं चारी भरल्या.