तटावरची फेरी

"परत गेल्यावर मी वेगळी राहणार आहे." क्रोएशियातल्या त्या जुन्या शहराच्या तटावर चढल्याचढल्याच मी नवऱ्याला सांगून टाकलं.

तो तडक मागे वळला. रखवालदाराने हात आडवा केला. इथे एकाच दिशेने चालायचं. उतरायचा जिना फेरी संपल्यावर.

मग काय, चाललो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लाल कौलं. तो पुढे, मी मागे. पायरी आली की तेवढं मागे न बघता म्हणायचा, "पायरी." माझ्या बायफोकलमधून पायऱ्या नीट दिसत नाहीत, म्हणून सव्वीस वर्षं हेच. दर वेळी जीव गुदमरायचा.

उतरायचा जिना आला. तो "पायरी" न म्हणताच भराभर उतरून गेला.

सुटले एकदाची, म्हटलं. पाय मात्र उचलेना.