बिनमिठाची वाटी

ठमीने तोंड मिटलं. चमचा ओठांपाशी तसाच थांबला.

"अगं, उघड ना! आ... आ..." आजोबा स्वतःच आ वासून बसले होते. दहा महिन्यांच्या नातीने त्यांचे दात नीट न्याहाळले, मान फिरवली आणि एका फटक्यात गाजराचा लगदा त्यांच्या चष्म्यावर उडवला.

चमच्याने भरवायला लागल्याचा आजचा नववा दिवस. आजोबांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि मग उगाचच पुन्हा पुसला. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं ते आचारी होते. रोज तीनशे माणसं जेवायची. मोठ्या साहेबापासून वॉचमनपर्यंत कुणी कधी नाक मुरडलं नव्हतं, आणि ही वीतभर पोरगी!

सून शर्टाचं वरचं बटण लावत दाराशी आली.

"नाही ना खाल्लं?"

"कसलं खाते! महाराणी आहे."

सोमवारपासून सून पुन्हा बस चालवायला जाणार होती. सकाळी सहाला घर सोडायचं ते दुपारी तीनला परत यायचं. सकाळ-संध्याकाळ दूध होतंच, पण मधल्या वेळात ठमीच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं. दवाखान्यातल्या नर्सने बजावून सांगितलं होतं, दूध तोडायचं नाही, जोडीला जेवण द्यायचं. आणि वर्षाची होईपर्यंत मीठ-साखर अजिबात नाही. आज शनिवार उजाडला होता आणि ठमीने अजून एक घासही गिळला नव्हता.

आजोबा वाटी घेऊन ओट्यापाशी गेले. बोटाने थोडं चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"पोरीची काही चूक नाही. यात राम कुठाय? बिनमिठाचं मी जन्मात रांधलं नाही कधी." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "नाहीतर माझ्या हाताची चवच गेली असेल. वय झालं आता."

त्यांनी फळीवरून मिठाची बरणी काढली. झाकण फिरवलं.

"बाबा, काय करताय?"

"एक चिमूट. त्या नर्सला कळणारसुद्धा नाही."

"नको, बाबा."

"अगं, सोमवार तोंडावर आलाय. पोर दिवसभर उपाशी राहायची, त्यापेक्षा..."

"बाबा, ठेवा ती बरणी! मी आत्ताच पाजलंय तिला."

आजोबांची चिमूट बरणीच्या तोंडाशीच थांबली.

"आत्ता? कधी?"

"तुम्ही गाजर कुस्करत होतात तेव्हा. रोजच पाजते. तुम्ही वाटी घेऊन बसायच्या आधी आत नेते तिला. दोनच मिनिटं म्हणून घेते आणि मग..." तिने शर्टाचं बटण उगाच चाचपलं. "ती चमच्याने खायला लागली, की मग मी कशाला लागते हो तिला?"

ती मान खाली घालून उभी राहिली. नऊ दिवस हा माणूस कधी गाजर, कधी भोपळा, कधी बटाटा शिजवत होता, आणि न खाल्लेली वाटी मुकाट्याने धुऊन ठेवत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांनी चिमटीतलं मीठ बरणीत परत झटकलं. झाकण घट्ट लावलं.

"म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही?"

"नाही हो, बाबा."

"वाचलो बुवा!" ते एवढ्या जोरात म्हणाले, की ठमी दचकली. "नऊ दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि ही बया आधीच जेवून यायची! भरल्या पोटी माझ्या कँटीनला तरी कोण फिरकलं असतं?"

सुनेला हसूही आलं आणि रडूही. तिने बाहीने डोळे पुसले.

मग दोघं वाट बघत बसली. ठमीने डब्याची दोन झाकणं वाजवली, एक चप्पल चाटून पाहिली, तासभर झोपली. दोनच्या सुमाराला उठून कुरकुरायला लागली. सुनेचे हात आपोआप पुढे झाले.

"अं हं," आजोबा ताजी वाटी घेऊन आले. "तू इथेच बस, समोर. पण हात मांडीवर."

पहिल्या चमच्याला ठमीने तोंड वेंगाडलं. दुसरा हनुवटीवरून ओघळला. तिसरा आत गेला. चौथ्याला तिने चमचाच धरून ओढला. वाटी संपली, आणि आजोबांनी बोटाने निपटून काढलेला शेवटचा लगदाही तिने चोखून घेतला.

सुनेला हायसं वाटलं, आणि आत कुठेतरी तुटलंही.

"जमलं की," ती म्हणाली. "आता मी नसले तरी चालेल."

आजोबांनी ठमीला खाली सोडलं आणि वाटी धुवायला घेतली. गालभर गाजर फासलेली ठमी रांगत निघाली. आईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, दोन्ही मुठींनी तिचा शर्ट ओढला आणि तोंड खुपसून धुसफुसायला लागली. शर्टावर हा एवढा केशरी डाग पडला.

"अगं, पोट भरलंय ना तुझं? आता काय हवंय?" सुनेने आजोबांकडे पाहिलं. "बाबा, हिचं काय करू?"

आजोबांनी वळूनही पाहिलं नाही. नळाखाली वाटी फिरवत राहिले.

"तीनशे माणसं जेवायची माझ्याकडे," ते म्हणाले. "अगदी पोटभर. पण सुट्टीचा भोंगा झाला, की एक जण थांबायचा नाही. सगळे आपापल्या घरी."