सोबतीला टॉर्च

रोज संध्याकाळी लेकीला आणायला बसस्टॉपवर जाणारे बाबा ऑपरेशनपासून घरीच होते. पट्टी सुटली, तरी डोळ्यांपुढचा अंधार काही हटला नव्हता.

“मी नाही, तर निदान दणदणीत टॉर्च तरी असू दे तुझ्या सोबतीला,” म्हणत, तिचाच हात धरून ते दुकानात आले.

“ही घ्या. अंगावर येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतील!” दुकानदाराने फुशारकीने बटण दाबलं. झोत नेमका बाबांच्या तोंडावर पडला.

“अहो, डोळे फोडता का माझे!” बाबांनी झटकन हात आडवा धरला.

दुकानदार ओशाळला. घाईघाईने बटण चाचपू लागला. लेकीने त्याचं मनगटच पकडलं.

“काका, बंद नका ना करू,” ती रडत रडत हसली. “राहू द्या अजून थोडा वेळ.”