काचेवरचा हिरवा डाग

बहिणीची गाडी तिसऱ्यांदा तापली, तेव्हा मेकॅनिक असलेल्या भावाने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये चमकणारा हिरवा रंगच मिसळला. आता गळती कुठंही असो, निळ्या दिव्याखाली लपणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी कूलंटची टाकी पुन्हा रिकामी आणि होसपाइप, पंप, रेडिएटर सगळं कोरडं ठणठणीत!

"अगं, पिते की काय तुझी गाडी?"

वैतागून तो आत बसला. इंजिन बंदच होतं. त्याने निळा दिवा लावला. शेजारच्या रिकाम्या सीटसमोर, काचेवर, वाफेचा बशीएवढा हिरवा डाग चमकला. तो मोठा झाला, लहान झाला, पुन्हा मोठा झाला.

आपलाच श्वास असेल, म्हणून त्याने नाक-तोंड घट्ट दाबून धरलं. तरीही डाग लहान झाला, मोठा झाला.

"दादा, सापडलं का रे काही?" बहिणीने बाहेरून विचारलं.

डाग थबकला.