मखमलीचा कोट

आधी गादी पेटली, मग बाहुल्या. मागच्या अंगणात एलोदी एकटीच लांब काठीने जाळ सारत होती. मोलकरणी रोगाच्या भीतीने केव्हाच पळाल्या होत्या. वरच्या मजल्यावर तिची थोरली बहीण ओर्तांस पडदे ओढून पडली होती. ओर्तांसची एकुलती एक लेक, सात वर्षांची ब्लांश, घटसर्पाने गेली त्याला दोन दिवस झाले होते.

"तिच्या खोलीतलं झाडून सगळं जाळा," डॉक्टरांनी बजावलं होतं. "चिंधीसुद्धा ठेवू नका."

एलोदीने फ्रॉक टाकले, बूट टाकले. शेवटी कपाटातला खोका काढला. आत निळ्या मखमलीचा कोट होता, गळ्याला हंसाच्या पिसांची मऊ किनार. तिचा हात थबकला.

दोघी बहिणी फ्रान्समधल्या रूआँ शहरात एकाच गल्लीत, एकाच अंथरुणात वाढल्या. पुढे ओर्तांसला गिरणीवाला नवरा मिळाला, एलोदीला मालधक्क्यावरचा कारकून. तेव्हापासून ताईकडे जाऊन आलं की तिला स्वतःच्या घरचं सूप पाणचट लागायचं. ताई सणासुदीला काही पाठवायची, तर तेही टोचायचं. "उरलंसुरलं आमच्या दारात," असं म्हणून ती ते कोपऱ्यात टाकायची. तिची लुसी नऊ वर्षांची. बापाच्या जुन्या ओव्हरकोटातून बेतलेला कोट घालून शाळेत जायची.

एलोदीने खोका आगीत टाकला आणि कोट शालीखाली घेतला.

जिन्याशी ओर्तांस उभी होती. केस सुटलेले, डोळे कोरडे.

"सगळं जाळलंस ना गं?"

"सगळं, ताई."

घरी तिने कोट तीन दिवस वाऱ्यावर टांगला. ओलं फडकं घालून कडक इस्त्री फिरवली. मोत्यांची बटणं उसवून हाडाची लावली. एवढं केल्यावर कसला रोग राहतोय, असं तिने स्वतःला दहादा सांगितलं. लुसीच्या अंगात कोट चपखल बसला. ब्लांश तर केवढीशी होती! म्हणजे गिरणीवाली असून ताईसुद्धा वाढत्या अंगाचे कपडे शिवते तर. एलोदीला मनातून बरं वाटलं.

"अरे वा! ही कुठल्या सरदाराची लेक म्हणायची?" नवरा हसला. "कुठे मिळाला गं?"

"जुन्या बाजारात."

रविवारी ती लुसीला नेहमीच्या चर्चमध्ये न नेता नदीपलीकडच्या चर्चमध्ये घेऊन गेली. पायऱ्यांवर दोन भारी टोप्यांच्या बायका वळून बघत राहिल्या. एलोदीची मान आयुष्यात पहिल्यांदा इतकी ताठ झाली होती.

"आई, त्या माझ्याकडेच बघतायत," लुसी कुजबुजली.

"बघू देत. तू सरळ चाल."

गुरुवारी लुसीला घास गिळवेना. शुक्रवारी घशात पांढरा पापुद्रा दिसला. डॉक्टर आले, दिव्याच्या उजेडात घसा बघितला आणि पिशवी बंद केली. एलोदीने कोट चुलीत कोंबला. मखमल जळायला फार वेळ लागला. सोमवारी सकाळी लुसी गेली.

दुपारी ओर्तांस आली. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. एलोदी खाटेशी दगडासारखी बसली होती. ओर्तांस तिच्या शेजारी टेकली. तिने लुसीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तुला सांगितलंच नाही मी," शेवटी ओर्तांस म्हणाली. "नव्या वर्षाची भेट म्हणून लुसीसाठी एक कोट शिवून घेतला होता. निळ्या मखमलीचा. तिच्या फ्रॉकचं माप गुपचूप नेलं होतं. ब्लांशला ताप भरला त्या दुपारी ती हट्टाने तो घालून बसली, काही केल्या काढेना. सारखं मनात येतं, तो तसाच मी लुसीला दिला असता तर आज तिच्या मरणाचं पाप माझ्या माथी असतं." तिने एलोदीचा थंड हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "देवानंच तुला बुद्धी दिली बाई, तू तो जाळलास."